ओंडका, पाचर आणि लिंकन

अब्राहम लिंकनला ‘कुंपणाचे दांडे फोडणारा’ हे बिरुद लाभले १८६० साली. त्यामागचे श्रम मात्र तीस वर्षांपूर्वीचे. १८३० मध्ये एकवीस वर्षांचा हा तरुण कुटुंबासह इंडियानातून इलिनॉयमध्ये आला आणि जॉन हँक्स या आप्ताच्या सोबतीने शेताच्या कुंपणासाठी लाकडे फोडू लागला. पाठोपाठ आलेला हिवाळा त्या प्रदेशात ‘मोठ्या हिमाचा’ म्हणून स्मरणात राहिला.

अक्रोडासारख्या कठीण जातीचा ओंडका नुसत्या कुऱ्हाडीस दाद देत नाही. टोकाशी लोखंडी पाचर ठेवून ती घणाने ठोकावयाची. चीर पडली की तिच्या पुढे दुसरी बसवावयाची, म्हणजे पहिली मोकळी होते. गाठ आली की रेषा वाकतात व पाचर रुतते. तेथे बळापेक्षा नजर आणि सबुरी उपयोगी पडते. ओले लाकूड कडाक्याच्या थंडीत गोठले की लवकर तडकते, एवढेच हिवाळ्याचे साहाय्य!

मे १८६० मध्ये डिकेटरच्या पक्षसभेत हँक्सने असे दोन दांडे मिरवीत आणले. ते आपणच फोडले, असे लिंकनने छातीठोकपणे सांगितले नाही. याहून चांगले पुष्कळ फोडले आहेत, एवढेच तो म्हणाला. दुसऱ्याच्या घामावर जगण्याच्या प्रथेशी पुढे झुंजला तो हाच मनुष्य.

आमच्या देवळांच्या फरशांवर देणगीदारांची नावे कोरलेली असतात, ते योग्यच. परंतु समाराधनेच्या चुलीसाठी पहाटेच्या गारठ्यात ज्यांनी लाकडे फोडली, त्यांची नावे आम्ही कोठे लिहिली?