जुने घर राखावे की नवे बांधावे? चार जळालेल्या वाड्यांची गोष्ट

१/१०
भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात आसगाव आहे. या भागातील जुनी घरे मातीच्या जाड भिंतींची, लाकडी वाशांची आणि कवेलूच्या छपरांची. पावसाळ्यापूर्वी कवेलू चाळायचे, फुटलेले बदलायचे, वाळवी लागलेला वासा काढायचा, हे नेहमीचे काम. अशा घरात एके दिवशी प्रश्न उभा राहतोच: हेच दुरुस्त करावे, की पाडून नवे बांधावे?

२/१०
वरवर पाहता हा भिंतींच्या मजबुतीचा प्रश्न आहे. इतिहासातील उदाहरणे मात्र निराळे काही सुचवतात. एकोणिसाव्या शतकात पुणे आणि नागपूर येथील चार मोठे वाडे आगीत सापडले. त्यांपैकी तीन गेले, एक पुन्हा उभा राहिला. असे का झाले?

३/१०
पहिला शनिवारवाडा. थोरल्या बाजीरावांनी १७३० मध्ये त्याचा पाया घातला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दुसरे बाजीराव ब्रह्मावर्तास गेले. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली व ती अनेक दिवस धुमसत राहिली. तट, दरवाजे आणि दगडी जोती शिल्लक राहिली. पण ज्या दरबारासाठी त्या जोत्यांवर पुन्हा मजले चढवायचे, तो दरबारच उरला नव्हता.

४/१०
दुसरा वाडा नागपूरचा. भंडाऱ्याचा मुलूख ज्यांच्या राज्यात होता, त्या भोसल्यांचा. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले. औरस पुत्र नाही, हे निमित्त करून डलहौसीने राज्य खालसा केले. काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीने नटलेला त्यांचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला. भव्य दरवाजा तेवढा उरला. येथेही राज्य आधी गेले, घर मागाहून.

५/१०
तिसरा आणि चौथा वाडा एकाच रात्री पेटला. १३ मे १८७९, पुणे. बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा, दोन्ही तेव्हा सरकारी उपयोगात होते. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड चालू होते, त्यामुळे संशय थेट राजद्रोहाकडे वळला. न्यायमूर्ती रानडे यांच्यावरही सरकारची वक्रदृष्टी होती. त्याच सुमारास त्यांची बदली धुळ्याला झाली. पुढे निराळेच सत्य समोर आले. सरकारी पुस्तक डेपोतील कृष्णाजी नारायण रानडे नावाच्या कर्मचाऱ्याने स्वतःची अफरातफर लपवण्यासाठी हे कृत्य केले होते.

६/१०
बुधवारवाडा पूर्ण जळाला आणि पुन्हा बांधला गेला नाही. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील दर्शनी भाग जळाला, बाकीचा वाचला. नुकसानीतील हा फरक महत्त्वाचा आहे, तो नाकारता येणार नाही. मात्र तेवढ्यानेच वाडा तरला असे म्हणता येत नाही. शनिवारवाड्याचेही बरेच काही वाचले होते.

७/१०
विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधला. सुमारे दोन लाख रुपये आणि सहा वर्षे लागली. पेशवे गेल्यावर तो ओस पडला नाही. १८२१ मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. डेक्कन कॉलेजचे मूळ तिच्यात आहे. नंतर तेथे सरकारी हायस्कूल भरू लागले. आगीनंतर पुणेकरांनी वर्गणी दिली, नगरपालिकेने भर घातली आणि जळालेली बाजू पुन्हा उभी राहिली. पुढे नगरपालिकेचा कारभारही येथूनच चालला.

८/१०
म्हणजे बाजीराव रस्त्यावरून दिसणारी दर्शनी बाजू काटेकोर अर्थाने पेशवेकालीन नव्हे. ती १८७९ नंतरच्या वर्गणीचीही निशाणी आहे. तरीही तिला कोणी नकली म्हणत नाही. जुन्या घराचा जुनेपणा प्रत्येक तुळईत नसतो. एका पिढीने दुसरीकडून घर ताब्यात घेतले आणि ते वापरत ठेवले, या सातत्यात तो असतो.

९/१०
आता पुन्हा आसगावकडे. खेड्यातील हा निर्णय आज केवळ कुटुंबाच्या हाती नसतो. १९८५ मध्ये इंदिरा आवास योजना आली; २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये, किमान २५ चौरस मीटरचे घर. हे पैसे नव्या पक्क्या घरासाठी मिळतात, मातीची भिंत लिंपण्यासाठी किंवा कवेलू बदलण्यासाठी नाही. गळक्या छपराखाली पावसाळे काढलेल्या कुटुंबाने घरकुल निवडले, तर त्यात वारशाबद्दलची अनास्था शोधणे अन्यायाचे आहे. विश्रामबागवाड्याला वर्गणी मिळाली होती. मातीच्या घराला ती कोण देतो?

१०/१०
चार वाड्यांच्या गोष्टीतून आसगावच्या घरापुरते एवढे घेता येते. घर किती जुने आहे, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, त्यात पुढे कोण राहणार आणि दरवर्षी कवेलू कोण चाळणार? याचे उत्तर घरात असेल, तर अर्धी जळालेली बाजूही नव्याने उभी राहते. नसेल, तर जोती शाबूत असूनही त्यांवर गवत उगवते. आणि पाडायचेच ठरले, तर आधी घराचे मोजमाप, छायाचित्रे आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी नोंदवून ठेवाव्यात. बुधवारवाड्याविषयी आज जे कळते, ते अशा नोंदींतूनच.