उलटी वाचायची पोथी

युद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४० साली, ब्रिटिश सरकारने चैनीच्या वस्तूंवर खरेदी-कर बसविला. युद्ध संपले, कर मात्र राहिला. पुऱ्या बांधलेल्या मोटारीवर तो भरावा लागे, सुट्या भागांवर नाही. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली काढलेली 'सेव्हन' ही गाडी या फटीतूनच बेताच्या मिळकतीच्या हौशी तरुणांच्या दारी गेली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, वजन सुमारे पाचशे किलो. नियम असा की, भागांसोबत जोडणीची माहिती देता कामा नये. चॅपमननी गाडी खोलावी कशी याची माहिती दिली! गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचावी.

याला कुणी लबाडी म्हणेल. पण ज्या हातांनी गाडी जोडली त्यांना तिची दुखणीही कळत, हे विसरून चालणार नाही. आणि दुखणी होतीच. १९६० च्या दुसऱ्या आवृत्तीत मागचा आस स्टँडर्ड कंपनीच्या साध्या गाडीचा; त्याच्या डिफरन्शियलच्या पेटीलाच खालून त्रिकोणी दांडा जखडलेला. वळणावरचा ताण पेटीवर येई, ती लवे, तेल गळे. मग कोरडे दाते झिजायला कितीसा वेळ? म्हणून गाडीखालचा तेलाचा डाग पाहणे हा शहाण्या मालकाचा नित्यनेम असे. १९६८ च्या तिसऱ्या आवृत्तीत फोर्डचा आस आला.

१९७३ च्या एप्रिलात खरेदी-कर जाऊन मूल्यवर्धित कर आला, आणि फट बुजली. त्याच वर्षी गाडीचे हक्क केटरहॅम येथील विक्रेत्यांकडे गेले. कर वाचत नसला तरी त्यांची गाडी सुट्या भागांत घेणारे आजही आहेत.