वारसा सप्ताह आणि अजिंठ्याच्या नकला

दरसाल १९ ते २५ नोव्हेंबर या दिवसांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग जागतिक वारसा सप्ताह पाळतो. अलीकडे पहिल्या दिवशी लेण्यांत विनामूल्य प्रवेश असतो, आणि छत्रपती संभाजीनगरातून अजिंठ्याकडे शाळांच्या सहली निघतात. या गर्दीचा आम्हांस आनंदच वाटतो. परंतु माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर काढलेल्या त्या चित्रांना माणसांच्या श्वासातला दमटपणाही सोसत नाही. तेव्हा चित्रे लोकांना दाखवायची कशी?

यावर नकलांचा उपाय जुनाच आहे. १८४४ साली कंपनी सरकारने रॉबर्ट गिल या मद्रासच्या फौजेतील अधिकाऱ्यास नकला करण्यासाठी नेमले. गिल आणि पारो यांची कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक असते; त्याने रंगविले काय, हे मात्र थोड्यांनाच! त्याची वीसएक वर्षांची मेहनत लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनात मांडलेली असताना १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. तरी गिल पुन्हा कामास लागला. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

१८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी तेच काम हाती घेतले. कंदिलाच्या उजेडात, वटवाघळांच्या दुर्गंधीत बसून नकला उतरविणारे त्यांचे हात बव्हंशी इथल्याच विद्यार्थ्यांचे होते. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच एक. या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतल्या पुष्कळ नष्ट झाल्या. ज्यांच्या मुलखातली ही चित्रे, त्या मराठवाड्यातील लोकांपुढे या नकला मांडाव्यात, असे तेव्हा कोणाच्या मनात आलेले दिसत नाही.

ती सोय व्हायला २०१३ साल उजाडावे लागले. अजिंठ्याच्या पायथ्याशी पर्यटक केंद्र उघडले व त्यात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृती उभ्या राहिल्या. दिवे लावून, धक्काबुक्की न करता, मुलांना जातककथा समजावून सांगता येतील अशी ती जागा. पण पुढे थोड्याच वर्षांत पाण्याच्या आणि विजेच्या थकलेल्या बिलांपायी केंद्राला कुलूप लागले. इथे आगीला दोष देण्याची सोय नाही. सप्ताहाच्या कार्यक्रमपत्रिकेत व्याख्याने जरूर असावीत. परंतु निदान ते सात दिवस प्रतिकृतींच्या दालनांत दिवे लागतील, एवढी तजवीज आधी व्हावी.