बोर्डिंगच्या दारात विचारले जाणारे प्रश्न

माणदेशात पुढे शिकायचे तर घर सोडायचे, ही रीत जुनी आहे. पाऊस बेभरवशाचा आणि हायस्कूल लांब. आटपाडी औंध संस्थानात होती, त्यामुळे तिकडच्या पोरांची वाट औंधला जाई. ग. दि. माडगूळकर तिथे शिकले, शंकरराव खरातही शिकले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते. त्यांच्या शाळांतून पाठांतराइतकेच महत्त्व कमावलेल्या अंगाला होते.

दुसरी वाट साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथे बोर्डिंग काढले आणि १९२७ साली महात्मा गांधींनी त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले. मुलांना जेवू घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. दळण, स्वयंपाक, धुणे, शेतातली कामे मुलेच करत आणि सगळ्या जातींची मुले एकाच पंगतीला बसत. इथे कसोटी गुणांची नव्हती. हाताला काम चालेल का आणि शेजारच्या ताटावर कोण बसले आहे हे मनात न आणता जेवशील का, हे पाहिले जाई. कुदळ धरलेल्या, दुष्काळ सोसलेल्या मुलाला पहिल्या प्रश्नाची तयारी करावी लागत नव्हती. दुसऱ्याची मात्र घरच्या मोठ्या माणसांनाही करावी लागे, आणि भाऊरावांचे खरे मोठेपण तिथेच आहे.

२३ जून १९६१ रोजी साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा सुरू झाली आणि प्रश्न बदलले. मुलांना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी घडवायचे, हा या शाळेचा हेतू. सहावीच्या प्रवेशाला पूर्वी लेखी परीक्षेनंतर मुलाखतही होत असे. आता लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी एवढेच उरले आहे. दहा-अकरा वर्षांच्या पोराला तीन अनोळखी साहेबांसमोर बसवणे थांबले, हे बरेच झाले.

अकरावीच्या वयाला मात्र मुलाखत शोभते, आणि ती आहेही. राज्य सरकारने १९७७ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. दहावीनंतरची दोन वर्षे तिथे राहून शिकायचे. निवड लेखी परीक्षेने आणि मुलाखतीने. पुढे खडकवासल्यासाठी जी मुलाखत द्यावी लागते, तिची मुळे दुसऱ्या महायुद्धात आहेत. ब्रिटिश सैन्याला अधिकारी कमी पडू लागले, तेव्हा घराणे आणि शाळा पाहून माणसे निवडण्याची जुनी पद्धत अपुरी ठरली. १९४२ साली तिकडे मानसशास्त्रज्ञांच्या मदतीने निवड मंडळे आली आणि १९४३ साली देहरादूनला भारतातले पहिले प्रायोगिक मंडळ बसले. बाप कोण, यापेक्षा अडचणीत हा मुलगा काय करतो, हे पाहायचे ठरले.

हा बदल माणच्या मुलांच्या बाजूचा होता. तरीही इंग्रजीची धास्ती आणि शहरातल्या महागड्या शिकवण्या यांनी त्यांना पुन्हा मागे ढकलले. शिकवण्यांत घोटून घेतलेली उत्तरे सगळ्यांची सारखीच निघतात. मंडळाला तर मुलगा स्वतःच्या आयुष्याबद्दल काय जाणतो, हे ऐकायचे असते. तुझ्या तालुक्यात काय आहे, असे विचारले तर माण तालुक्यातल्या दहिवडीच्या मुलाकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. कुळकजाईच्या डोंगरात उगवून म्हसवड, आटपाडी, सांगोल्याकडून भीमेला मिळणारी माणगंगा आहे, शिखर शिंगणापूर आहे, वारूगड आणि महिमानगड आहेत. शिवाय चारा छावणीत जनावरे सांभाळताना आणि टँकरची वाट पाहताना घरात पाण्याचा हिशेब कसा बसतो, हे त्याला कोणी शिकवायला नको. पण हे सगळे न अडखळता बोलता येण्यासाठी कोणीतरी महिनाभर रोज त्याच्यासमोर बसून प्रश्न विचारायला हवेत. गावातल्या निवृत्त सुभेदारांनी आणि शाळेतल्या मास्तरांनी हे काम अंगावर घ्यावे. पोरींसाठीही घ्यावे, कारण २०२२ पासून प्रबोधिनीत मुलीही दाखल होत आहेत आणि मुलींसाठी नाशिकला तशीच पूर्वशिक्षण संस्था उभी आहे.