राजदूत ३५०च्या कार्ब्युरेटरांची पुनर्जोडणी

सिलिंडर बोअर करणे, पिस्टन व रिंगा बदलणे, क्रँकचे ऑइल सील बदलणे अशी इंजिनाची कामे झाल्यानंतर उतरवून ठेवलेले कार्ब्युरेटर पुन्हा बसवणे, त्यांचा परस्परांशी मेळ घालणे आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण नव्याने ठरवणे, या कामास कार्ब्युरेटरांची पुनर्जोडणी म्हणतात. राजदूत ३५० या मोटारसायकलीच्या बाबतीत हे काम विशेष जोखमीचे समजले जाते. जोडणीत राहून गेलेली हवेची बारीकशी वाट नुकताच बसवलेला पिस्टन निकामी करू शकते.

पार्श्वभूमी

एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहा आरडी ३५० या गाडीवर आधारित राजदूत ३५० भारतात १९८३ साली आणली. तिचे इंजिन ३४७ घनसेंटिमीटरचे, टू-स्ट्रोक आणि दोन सिलिंडरांचे असून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कार्ब्युरेटर आहे. त्या काळी रस्त्यावर दिसणाऱ्या बुलेट, राजदूत १७५ आणि बहुतेक येझदी या गाड्या एका सिलिंडरच्या व एका कार्ब्युरेटरच्या होत्या. दोन कार्ब्युरेटर एकाच लयीत चालवण्याची सवय त्यामुळे फार थोड्या मेकॅनिकांच्या हाताला होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींमध्ये इंधन-इंजेक्शन आले. तेव्हापासून नव्या मेकॅनिकाचा कार्ब्युरेटरशी संबंध मुख्यतः जुन्या गाड्यांपुरताच येतो.

हवेची गळती

कार्ब्युरेटरमधून इंजिनात जाणारी हवा मोजून-मापून जाते. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये कोठेही फट राहिली, तर तेथून न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रणातील पेट्रोलचा वाटा घटतो. असे विरळ मिश्रण अधिक उष्णतेने जळते. पिस्टन फुगून सिलिंडरला घासू लागतो आणि शेवटी जाम होतो. राजदूत ३५० मध्ये वंगणाचे तेल स्वतंत्र पंपाने येते, म्हणून मिश्रण विरळ झाले तरी पिस्टन सुरक्षित राहील, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. पिस्टन थंड ठेवण्यात पेट्रोलचाही मोठा वाटा असतो.

गळतीच्या नेहमीच्या जागा तीन : रीड व्हॉल्व्हच्या खालचे पॅकिंग, कार्ब्युरेटर ज्यात बसतो तो रबरी जोड आणि क्रँकचे सील. चाळीस वर्षांचे रबर वरून धड दिसले, तरी हाताने वाकवताच त्यातल्या भेगा उघडतात. असा जोड क्लिप आवळून भागवण्यापेक्षा बदललेला बरा. डाव्या बाजूचे सील गळत असेल, तर त्या सिलिंडरचे मिश्रण विरळ होते. उजव्या, म्हणजे क्लचच्या बाजूचे सील गळत असेल, तर गिअरबॉक्समधील तेल ओढले जाऊन सायलेन्सरमधून दाट धूर येतो. या दोन्ही दोषांचे खापर बहुधा कार्ब्युरेटरवर फुटते आणि निर्दोष कार्ब्युरेटर पुन्हापुन्हा उघडला जातो.

म्हणून कार्ब्युरेटर बसवण्यापूर्वीच इंजिनाची दाबचाचणी करणे श्रेयस्कर ठरते. हवा आत घेण्याची व धूर सोडण्याची तोंडे बंद करून आत सुमारे ६ पीएसआय इतका हलका दाब भरतात आणि तो टिकतो का, हे पाहतात. दाब उतरू लागल्यास साबणाच्या पाण्याचे बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. हातपंप आणि छोटा दाबमापक एवढ्या साधनांत ही चाचणी होते, तरीही ती क्वचितच केली जाते.

जोडणी

कार्ब्युरेटर उघडून स्वच्छ करताना जेटच्या छिद्रांत तार घालू नये. छिद्र किंचित जरी रुंदावले, तरी जेटवरील क्रमांकाला अर्थ उरत नाही. फ्लोटची उंची दोन्ही बाजूंना सारखी ठेवतात. नीडलची क्लिपही दोन्ही बाजूंना एकाच खाचेत असावी लागते. गोल स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे यावा लागतो. उलट बसलेली स्लाइड पूर्ण खाली येत नाही आणि इंजिन चालू होताच बेफाम फिरू लागते. कार्ब्युरेटर सरळ उभा बसला पाहिजे, कारण तो कलला तर फ्लोटची पातळी बदलते. दोन कार्ब्युरेटरांना जोडणारी लहान रबरी नळी जागेवर आहे, याचीही खात्री करावी लागते.

मुठीपासून निघालेली एक्सिलेटरची केबल पुढे विभागून दोन कार्ब्युरेटरांकडे आणि तेलाच्या पंपाकडे जाते. केबलचा ताण बदलला की पंपाचे मापही तपासावे लागते. इंजिनाच्या कामात तेलाच्या नळ्या सुटलेल्या असतात व त्यांत हवा अडकते. ती काढून टाकल्याशिवाय इंजिन चालू केल्यास पहिली काही मिनिटे वंगणाविना जातात. यावर उपाय म्हणून अनेक मेकॅनिक पहिल्या टाकीतील पेट्रोलमध्ये थोडे टू-स्ट्रोक तेल मिसळतात. ही खबरदारी योग्यच आहे.

दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जाव्यात, हा मेळाचा गाभा. एअर फिल्टरच्या बाजूने दोन्ही स्लाइडखाली एकाच जाडीच्या ड्रिलचे गुळगुळीत टोक सरकवून त्यांची उंची जुळवतात. मग मूठ हळूहळू पिळून दोन्ही बोटांनी चाचपतात. हवेचा स्क्रू हलके बंद करून साधारण दीड फेरा उघडणे ही सुरुवात असते. नेमक्या आकड्यासाठी निर्मात्याची पुस्तिका प्रमाण मानावी. हे सर्व पॉइंट व टायमिंग ठरवल्यानंतरच करायचे असते. टायमिंग चुकलेले इंजिन कार्ब्युरेटरच्या स्क्रूने सुधारत नाही. मूठ सोडल्यावरही इंजिनाचा वेग रेंगाळत असेल किंवा प्लग पांढराफटक निघाला, तर गाडी तेथेच थांबवून गळती शोधणे भाग आहे.

नागपूरचे हवामान आणि इथेनॉल

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्याने उंचीसाठी जेट बदलावा लागत नाही. अडचण तापमानाची आहे. नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तर डिसेंबरच्या पहाटे तो १० अंशांच्या आसपास उतरतो. ४५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असते आणि हा फरक कार्ब्युरेटर आपणहून पुरता भरून काढू शकत नाही. मे महिन्यात अगदी नेमके बसवलेले मिश्रण त्यामुळे थंडीत विरळ पडते. उन्हाळ्यात जुळवलेल्या गाडीचा प्लग हिवाळ्यात पुन्हा काढून पाहावा, तो याचसाठी.

याच दिशेने ढकलणारे दुसरे कारण म्हणजे इथेनॉल. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, तर अशा मिश्र पेट्रोलला सुमारे १३.५ पट. १९८३ च्या जेटमधून जाणारे आजचे पेट्रोल म्हणूनच अपुरे पडते आणि अनेकदा मुख्य जेट एक क्रमांक मोठा घ्यावा लागतो. इथेनॉल पाणी शोषून घेते व जुन्या रबराला बाधते. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल, तर फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवावी.

कायदेशीर स्थिती

केंद्र शासनाच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीस ५० वर्षे पूर्ण झालेली दुचाकीच ‘व्हिंटेज’ ठरते. बोलण्यात राजदूत ३५० ला व्हिंटेज म्हणत असले, तरी सर्वांत जुन्या गाड्यांनाही हा दर्जा २०३३ पूर्वी मिळणार नाही. सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशीही अट आहे. मूळ कार्ब्युरेटर दुरुस्त करून वापरण्याकडे मालकांचा कल असण्यामागे हेही एक कारण आहे.