लक्षणविरहित कोरोनासंसर्ग

लक्षणविरहित कोरोनासंसर्ग : सार्स-कोव्ह-२ विषाणूची लागण होऊनही ताप, खोकला यांसारखे कोणतेही लक्षण अखेरपर्यंत न दिसणारा संसर्ग. चाचणीनंतर लक्षणे उमटणारा लक्षणपूर्व संसर्ग यात धरत नाहीत. दोहोंची गल्लत झाल्यास लक्षणविरहित बाधितांचे प्रमाण फुगते. योकोहामा बंदरातील ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाजावर २० फेब्रुवारी २०२० पर्यंत आढळलेल्या ६३४ बाधितांपैकी ३२८ जणांना चाचणीवेळी लक्षणे नव्हती. अखेरपर्यंत लक्षणविरहित राहणाऱ्यांचे अनुमानित प्रमाण मात्र सुमारे १८ टक्केच निघाले. इटलीतील व्हो गावात बहुतांश रहिवाशांची दोनदा तपासणी झाली, तेव्हा ४० टक्क्यांहून अधिक बाधित लक्षणविरहित आढळले. वय, लसीकरण व विषाणूचा उपप्रकार यांनुसार प्रमाण बदलते. अशा व्यक्तींकडूनही संसर्ग पसरू शकतो. म्हणून केवळ ताप मोजून साथ रोखता येत नाही.