वाघिणीतले धान्याचे दार

अमेरिका आणि कॅनडा या देशांत गहू रेल्वेने सुटाच जातो. पोती नाहीत, त्यांची शिवण नाही, हमालांच्या पाठी नाहीत. कोठारातून नळ्याने धान्य थेट मालगाडीच्या वाघिणीत ओतायचे आणि बंदरावर पोहोचले की तसेच बाहेर काढायचे. आज या कामासाठी तळातून उघडणाऱ्या, नरसाळ्यासारख्या पोटाच्या हॉपर वाघिणी आहेत. परंतु १९६० च्या दशकापर्यंत हा अवाढव्य व्यापार प्रामुख्याने साध्या बंदिस्त वाघिणींवर, म्हणजे ‘बॉक्सकार’वर चालत असे. बॉक्सकार धान्यासाठी बनविलेलीच नव्हती. तिला धान्याचे भांडे बनवीत त्या चार फळ्या, ज्यांना रेल्वेच्या भाषेत ‘ग्रेन डोअर’, अर्थात धान्याचे दार म्हणत.

बॉक्सकारच्या दोन्ही बाजूंना मध्यभागी सरकते दार असे. ते बाहेरून टांगलेले. सुटे धान्य पाण्यासारखे वाहते आणि पाण्यासारखाच भिंतींवर दाब टाकते. त्या दाबाने सरकते दार बाहेर फुगले असते, फटींतून दाणा गळला असता आणि मुक्कामावर ते उघडणेही अशक्य झाले असते. म्हणून दाराच्या आतल्या बाजूने, दोन्ही खांबांना टेकवून आडव्या फळ्या एकावर एक ठोकीत. पुढे याच फळ्यांची दुहेरी जोडलेली तयार तावदाने आली. यातली युक्ती अशी की, फळ्या आतून असल्याने धान्याचा दाबच त्यांना खांबांवर घट्ट आवळून धरी. खिळ्यांचे काम वाघीण भरेपर्यंतच. वरच्या बाजूला मात्र मोकळी जागा ठेवीत, नळा आत घालण्यासाठी आणि माणसाला चढून जाण्यासाठी.

दार ठोकणे हा तयारीचा केवळ एक भाग होता. आदल्या फेरीला त्याच वाघिणीतून कातडी, खत किंवा यंत्रे गेलेली असत. ती झाडून काढायची, बाहेर आलेले खिळे उपटायचे, तळाच्या आणि कोपऱ्यांच्या भेगांत गोणपाट किंवा कागद ठासायचा. या कामाला पिंपे बनविणाऱ्या कारागिराच्या नावावरून ‘कूपरिंग’ म्हणत, आणि ते नाव समर्पकच होते. पिंप आणि वाघीण, दोन्हींची परीक्षा गळतीने होई. वाघिणीच्या आतल्या भिंतींवर गहू, बार्ली, ओट अशा वेगवेगळ्या धान्यांसाठी भरावाच्या खुणा असत. गहू जड, म्हणून त्याची खूण खाली. गव्हाचा एक बुशेल म्हणजे ६० पौंड, सुमारे २७ किलो. विसाव्या शतकाच्या मध्यास प्रचलित असलेल्या ४० फुटी बॉक्सकारमध्ये असे दीड ते दोन हजार बुशेल मावत. म्हणजे ४० ते ५४ टन गहू आणि रूळ यांच्यामध्ये दाराच्या जागी फक्त या फळ्या उभ्या असत.

मालाची प्रतही याच दारावरून ठरे. कॅनडातील विनिपेग येथे गाड्या थांबल्या की नमुने घेणारे कर्मचारी वरच्या मोकळ्या जागेतून आत शिरत आणि लांब पोकळ पितळी सळई धान्यात खुपसून तळापर्यंतचा नमुना काढीत. प्रत ठरली तरी वजनाचा प्रश्न उरे. स्वतःची वाघीण भरून पाठविणाऱ्या शेतकऱ्याला बंदरावरच्या काट्याप्रमाणे पैसे मिळत. शेकडो मैलांच्या धक्क्यांत एखादी फळी सरकली तर वाटेत सांडलेला गहू रुळांकडेच्या पाखरांचा झाला. नुकसान कोणाचे, फळी नीट न ठोकणाऱ्याचे की जुनाट वाघीण देणाऱ्या रेल्वेचे, हा तंटा दर हंगामात नव्याने उभा राही.

फळ्यांचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. न्यूयॉर्क राज्यातील धान्य व भाजीपाल्याच्या व्यापाऱ्यांना रेल्वेने आतली दारे न दिल्यामुळे ती स्वखर्चाने बसवावी लागली होती. लूमिस विरुद्ध लीहाय व्हॅली रेल्वे या खटल्यात १९१६ साली न्यायालयाने सांगितले की, असा प्रश्न प्रथम आंतरराज्य वाणिज्य आयोगापुढे गेला पाहिजे. काही फळ्या आणि मूठभर खिळे यांसाठी इतके होणे नवलाचे वाटेल. पण हा खर्च दर वाघिणीमागे होता आणि वाघिणी असंख्य होत्या.

इतकी कटकट होती, तर रेल्वेने धान्यासाठी वेगळी वाघीण का बांधली नाही? उत्तर शेतीच्या हंगामात आहे. गहू शरद ऋतूतल्या काही आठवड्यांत एकदम निघतो. केवळ धान्याची वाघीण एरवी रिकामी उभी राहिली असती. बॉक्सकार मात्र धान्य घेऊन बंदराकडे जाई आणि फळ्या काढल्या की लाकूड, यंत्रे, किराणा, मिळेल तो माल घेऊन परते. या सोयीची दुसरी बाजू अशी की, हंगामात ती प्रत्येकालाच हवी असे. १९०१ च्या भरघोस पिकानंतर कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशात वाघिणींअभावी गहू पडून राहिला. शेतकऱ्यांनी त्याच वर्षी इंडियन हेड येथे संघटना उभारली आणि १९०२ मध्ये सिंटालुटा या लहानशा स्थानकाच्या एजंटला, वाघिणी वाटताना कायदा मोडल्याबद्दल न्यायालयात खेचून खटला जिंकला.

मुक्कामावरचे दृश्य अधिक खडतर होते. पन्नास टनांनी आवळलेले दार सहज निघत नसे. पहारीने फळी उचकटायची आणि धान्याचा लोंढा सुटताच बाजूला व्हायचे. मधला ढीग वाहून गेला तरी दोन्ही टोकांचा गहू तसाच राही. तेथे कामगार यंत्राच्या दोराला बांधलेली मोठी लाकडी फळी ढिगामागे रोवीत आणि यंत्र ती खेचून धान्य दाराशी आणी. नाकातोंडात भुसा आणि धूळ जाई. पुढे मोठ्या बंदरांवर अख्खी वाघीण चिमट्यात धरून आडवी-उभी कलंडविणारी यंत्रे आली, तेव्हा हे काम काही मिनिटांवर आले.

निघालेल्या दारांतील धडकी निवडून, गठ्ठे बांधून पुन्हा गव्हाच्या प्रदेशाकडे धाडीत. त्यावर रेल्वेचे नाव छापलेले असे, कारण चांगल्या लाकडाला वाटा फुटतात. वृक्षहीन प्रेअरीवर ते लाकूड मोलाचे होते. ही तावदाने कितीतरी शेतांवरच्या गोठ्यांत आणि कोंबड्यांच्या खुराड्यांत जाऊन बसली.

भारताने अमेरिकेशी पी. एल. ४८० खाली पहिला करार १९५६ मध्ये केला. त्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत मुंबईच्या रेशन दुकानांत ‘अमेरिकन गहू’ म्हणून ओळखला गेलेला दाणा आला, तेव्हा तिकडे बॉक्सकारचाच जमाना होता. जहाजातूनही तो सुटाच येई. पोत्यांत भरला जाई तो इकडच्या बंदरात.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडी दारांची जागा पोलादी पट्ट्यांनी बळकट केलेल्या जाड कागदाची दारे घेऊ लागली. ती हलकी होती आणि परत पाठवावी लागत नसत. खरा धक्का मात्र १९६१ मध्ये बसला. अमेरिकेच्या सदर्न रेल्वेने ‘बिग जॉन’ ही सुमारे १०० टन क्षमतेची अॅल्युमिनियमची हॉपर वाघीण आणली आणि भाडे सुमारे ६० टक्क्यांनी उतरविण्याचा प्रस्ताव ठेवला. नदीतून माल नेणाऱ्या बार्जमालकांनी विरोध केला आणि १९६३ मध्ये हे प्रकरणही सर्वोच्च न्यायालयात गेले. तरी हॉपर थांबली नाही. ती वरून भरा, खाली उघडा; ना सुतार, ना पहार.

कॅनडात बदल उशिरा झाला. १८९७ च्या क्रोज नेस्ट करारात धान्याचे भाडे बांधून दिलेले, त्यामुळे तोट्याच्या वाहतुकीसाठी नव्या वाघिणी घेण्यास रेल्वे कंपन्या नाखूश होत्या. अखेर १९७२ पासून केंद्र सरकारनेच हॉपर विकत घेण्यास प्रारंभ केला. शिवाय अनेक शाखामार्गांचे हलके रूळ भरलेल्या हॉपरचा भार पेलू शकत नव्हते. हडसन उपसागरावरील चर्चिल बंदराकडे जाणारा मार्ग गोठलेल्या दलदलीवरून जातो. तेथे तर १९९० च्या दशकापर्यंत बॉक्सकारमधूनच गहू जात राहिला, दाराला आतून आधार लावून.